मुंबई ते लंडन नक्की किती तास? ‘ग्रेट सर्कल मॅपर’ आणि ‘फ्लाइटरडार२४’ यांचं परीक्षण

मुंबईहून लंडनला थेट विमानाने किती तास लागतात, असं इंटरनेटवर शोधलं तर एक ठिकाण आठ तास सांगतं, दुसरं साडेनऊच्या आसपास सांगतं आणि तिकिटावर पाहावं तर जायचे पावणेदहा-दहा तास आणि यायचे नऊच्या आतबाहेर. अंतर मात्र सगळीकडे जवळपास एकच, ७,२१० किलोमीटर. अंतर एक आणि वेळा तीन, यात घोळ कुठे होतो ते कळलं की कुठल्याही लांबच्या प्रवासाचा अंदाज घरबसल्या नीट बांधता येतो. त्यासाठी दोन साधनं पुरतात. अंतरासाठी ‘ग्रेट सर्कल मॅपर’ आणि वेळेसाठी ‘फ्लाइटरडार२४’. गरजेपुरती दोन्ही फुकट वापरता येतात. पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात तर फसाल.

आधी त्या आठ आणि साडेनऊ तासांचा हिशेब बघू. दोन शहरांची नावं टाकली की वेळ सांगणारी जी असंख्य पानं आहेत, ती अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात. ७,२१० ला ताशी ९०० ने भागलं की आठ तास. काही ठिकाणी ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर धरतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालतात, म्हणून तिथे नऊ तास अठ्ठावीस मिनिटं येतात. या दोन्ही हिशेबांत वारा नाही, बंद असलेलं आकाश नाही, धावपट्टीपर्यंतची रांग नाही. अशा पानाची खूण सोपी आहे : जायचा आणि यायचा वेळ मिनिटासकट सारखाच दाखवला असेल तर तो वेळ सोडून द्या.

‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे जुनं आणि दिसायला अगदी साधं संकेतस्थळ आहे. कार्ल स्वार्त्झ यांनी १९९६ पासून ते चालवलं आहे आणि विमानांच्या मार्गांवर बोलणारे लोक आजही त्याचेच नकाशे दाखवतात. वर एक चौकट आहे. तिच्यात विमानतळांचे तीन अक्षरी कोड इंग्रजी अक्षरांत टाकायचे आणि मध्ये आडवी रेघ द्यायची : बीओएम-एलएचआर. शहराचं नाव टाकण्यापेक्षा कोड बरा, कारण लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे बरेच विमानतळ आहेत. मुंबईलाही २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई सुरू झालं आहे, त्याचा कोड एनएमआय. अंतरात त्याने नावापुरता फरक पडतो. घरून विमानतळावर पोचायच्या वेळेत मात्र मोठा पडतो, त्यामुळे तिकिटावरचा कोड आधी वाचा.

उत्तर सुरुवातीला मैलांत येतं आणि घाईत बघणाऱ्याची चूक इथेच होते. मुंबई–लंडन म्हणजे साधारण ४,४८० मैल, किंवा ३,८९० सागरी मैल, किंवा ७,२१० किलोमीटर. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. एकक बदलायची सोय पानावरच आहे, ती आधी किलोमीटरवर लावून घ्या. वेगवेगळ्या साधनांच्या उत्तरांत दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर गोंधळू नका. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांकडे थोडी चपटी धरतं, त्यातून तो येतो. प्रवासाच्या हिशेबात त्याला महत्त्व नाही.

या साधनाचा खरा उपयोग नकाशा बघताना कळतो. शाळेच्या अ‍ॅटलासवर (मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर) पट्टी ठेवून मुंबईपासून लंडनपर्यंत रेघ ओढली तर ती मुंबईतून २९९ अंशांवर (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून), म्हणजे पश्चिमेला थोडी उत्तरेकडे झुकून निघते. तिची लांबी भरते साधारण ७,४१० किलोमीटर. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र ३१९ अंशांवर निघतो, जवळजवळ नेमका वायव्येला, आणि २०० किलोमीटर वाचवतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर आणि लंडनवर बोट ठेवून दोरा ताणून बघा. दोरा बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग आणि कॉकेशस असा जातो. मार्गाचा बरोबर मध्य जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान जिथे भेटतात तिथे पडतो. तिथून दोरा काळ्या समुद्राच्या कडेने क्रिमियावर, मग पश्चिम युक्रेनवर आणि पोलंडकडून पुढे जातो.

ही रेघ भूगोल म्हणून बिनचूक आहे, पण तिच्यावरून आज कोणीही उडत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईहून लंडनला निघालेल्या भारतीय आणि ब्रिटिश कंपनीच्या विमानांचे माग वेगळे दिसू शकतात. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये लढाई पेटली तेव्हा इराण, इराक आणि जॉर्डनचंही आकाश काही दिवस बंद झालं आणि सगळी वाहतूक सौदी-इजिप्तकडे किंवा उत्तरेकडे लोटली गेली. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ला यातलं काही ठाऊक नसतं आणि तसा त्याचा दावाही नाही. ते फक्त गोलावरची रेघ काढून देतं.

पण वळसा मोजायचं काम त्याच चौकटीत करता येतं, आणि हा भाग फार कमी लोक वापरतात. मधले टप्पे आडव्या रेघेने जोडत गेलं की बेरीज मिळते. मस्कतवरून, म्हणजे बीओएम-एमसीटी-एलएचआर टाकलं की १,५९० अधिक ५,८३० मिळून सुमारे ७,४२० किलोमीटर होतात. सरळ रेघेपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. कैरोवरून, म्हणजे बीओएम-सीएआय-एलएचआर टाकलं की ७,८७५, साधारण नऊ टक्के जास्त. खरा मार्ग बहुतेक दिवशी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. दिल्लीला पाकिस्तानच्या बंदीचा जेवढा चटका बसतो तेवढा मुंबईला का बसत नाही, तेही इथेच दिसतं. मुंबईच्या विमानाला थेट अरबी समुद्रावर निघता येतं. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातेकडे खाली यावं लागतं आणि मग पश्चिम धरावी लागते.

दुबईला विमान बदलून जाणाऱ्यांसाठीही हा आकडा डोळे उघडणारा आहे. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–लंडन ५,५०० धरले की एकूण ७,४२५ किलोमीटर. थेट मार्गापेक्षा फक्त २१५ जास्त, म्हणजे हवेतली पंधरा मिनिटं. बाकीचे वाढणारे तीन, पाच किंवा अकरा तास दुबईच्या विमानतळावर बसून काढायचे असतात. तेव्हा अशा तिकिटांची तुलना करताना अंतर सोडा, मधला थांबा किती तासांचा आहे तेवढंच बघा.

स्वल्पविराम देऊन एकाच नकाशावर दोन-तीन मार्ग एकत्र काढता येतात. अंतर, एकक, मग ‘अॅट’चं चिन्ह आणि कोड असं लिहिलं, जसं ७२१० केएम आणि पुढे बीओएम, तर मुंबईभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ उमटतं आणि लंडनइतकंच दूर आणखी काय काय आहे ते दिसतं. भूगोल शिकवणाऱ्यांनी ही सोय वर्गात जरूर दाखवावी.

आता वेळ. या संकेतस्थळावर वेग टाकून वेळ काढायची सोय आहे, पण ती एकाच स्थिर वेगावर चालते. म्हणून हिशेब स्वतः करून बघितलेला बरा. आजची मोठी विमानं साधारण १०,७०० मीटर उंचीवर ध्वनीच्या ८५ टक्के वेगाने जातात. त्या उंचीवर तापमान उणे ५४ अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ध्वनीचा वेग ताशी १,०६६ किलोमीटर, म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे ९०५. पण ती हवा स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. समजा सगळ्या मार्गावर सरासरी ६० किलोमीटरचा वारा आहे आणि वळशासकट अंतर ७,७०० आहे. लंडनला जाताना जमिनीवरचा वेग ८४५ राहतो आणि ९ तास ७ मिनिटं लागतात. परत येताना वेग ९६५ होतो आणि ७ तास ५९ मिनिटं लागतात. एवढ्याशा वाऱ्याने एक तास आठ मिनिटांचा फरक पडला. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची १५ मिनिटं धरा. गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि तिकडे धावपट्टीपासून गेटपर्यंत मिळून अर्धा तास धरा. जाताना ९ तास ५२ मिनिटं, येताना ८ तास ४४. तिकिटावर छापलेल्या वेळा याच्याच अवतीभवती असतात.

हिवाळ्यात हा फरक वाढतो, कारण उपोष्ण पश्चिमी वाऱ्यांचा वेगवान झोत डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तर भारत आणि मध्यपूर्वेवर खाली उतरलेला असतो. जूनमध्ये तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. म्हणून जानेवारीत लंडनला जाणाऱ्याने जुलैच्या अनुभवावर विसंबून पुढची बस किंवा ट्रेन घट्ट वेळेची घेऊ नये.

अंतर आणि वेळ यांची फारकत किती होऊ शकते याचं ठसठशीत उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. गोलावरचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे १,४०० ने वाढलं, आणि तरी साडेचौदा तासांत विमान पोचलं, सुमारे दोन तास वाचवून. वारा पाठीशी घेतला, एवढंच त्यामागचं कारण.

म्हणून वेळेसाठी ‘फ्लाइटरडार२४’कडे जायचं. २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी मंडळींनी सुरू केलेली ही सेवा विमानांतून निघणारे संदेश जगभरच्या छोट्या ग्राहकयंत्रांनी टिपते. शोधचौकटीत तिकिटावरचा विमान क्रमांक टाका आणि त्या क्रमांकाचं पान उघडा. फुकटच्या खात्यात मागच्या सात दिवसांची नोंद मिळते. महिन्याचे किंवा हंगामाचे आकडे हवे असतील तर पैसे भरावे लागतात : पहिल्या वर्गात ९० दिवस, त्यावरच्या वर्गात ३६५. एका प्रवासासाठी सात दिवस पुरेसे आहेत.

त्या पानावर नियोजित सुटण्याची वेळ, प्रत्यक्ष सुटण्याची वेळ, नियोजित पोचण्याची वेळ आणि ‘फ्लाइट टाइम’ असे रकाने असतात. सातही दिवसांचे ‘फ्लाइट टाइम’ कागदावर उतरवा, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा सोडा आणि उरलेल्यांतला मधला घ्या. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा आहे. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, ज्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. दोन्हींत अर्धा-पाऊण तासाचा फरक असतो. त्यामुळे ‘विमान अर्धा तास उशिरा सुटलं आणि तरी वेळेवर पोचलं’ असं रकान्यांत दिसलं तर चमत्कार समजू नका. वेळापत्रकात मुळातच फट ठेवलेली असते, कारण दोन्ही टोकांना गर्दी आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांना बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालत थांबवतात. एक फेरा साधारण चार मिनिटांचा, तीन फेरे झाले की बारा मिनिटं गेली. विमानाचा माग मोठा करून बघितलात तर लंडनच्या ईशान्येला किंवा आग्नेयेला लांबट गोल कड्या एकावर एक चढलेल्या स्पष्ट दिसतात.

माग बघताना आणखी दोन गोष्टींनी फसायला होतं. जमिनीवरच्या ग्राहकयंत्राची पोच ढोबळपणे २५० ते ४५० किलोमीटर, त्यामुळे भर समुद्रावर काही पट्ट्यात विमानाची जागा अंदाजाने काढलेली असते. अरबी समुद्रावर रेघ अचानक सुतासारखी सरळ झाली, तर विमान तसंच गेलं असेलच असं नाही. दुसरं, काळा समुद्र, पूर्व भूमध्य आणि इराणच्या आखाताच्या परिसरात जीपीएसमध्ये ढवळाढवळ होते. तिथे माग एकदम वेडावाकडा किंवा दुसरीकडेच उडी मारलेला दिसतो. घरचं माणूस त्या विमानात असेल तर छातीत धस्स होतं, पण बहुतेक वेळा तो फक्त बिघडलेला संदेश असतो. पाच-दहा मिनिटांनी रेघ पुन्हा सरळ होते.

मग घड्याळाचा हिशेब, जो दोन्हींपैकी एकही साधन करून देत नाही. ब्रिटनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असतं. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, २०२६ मध्ये २९ मार्चला आणि २५ ऑक्टोबरला. पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणायची, मगच वजाबाकी करायची. समजा उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी सव्वाला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचायचं आहे. साडेसहात साडेचार मिळवले की भारतीय रात्रीचे अकरा. सव्वा ते अकरा, पावणेदहा तास. नुसती दोन घड्याळं वजा केली तर सव्वापाच तास येतात आणि आईवडिलांच्या गोळ्यांचं वेळापत्रक तिथेच चुकतं. इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी किंवा ठरावीक अंतराने घ्यायचं कुठलंही औषध यांच्यासाठी खरे गेलेले तास मोजायचे असतात, मनगटावरचे काटे नव्हेत. डॉक्टरांना भेटायला जाताना हाच पावणेदहाचा आकडा आणि घरातून निघून लंडनच्या घरी पोचेपर्यंतचे एकूण तास लिहून न्या. पुण्याहून निघणाऱ्यांनी मुंबईपर्यंतचे चार तास आणि विमानतळावरचे तीन तास त्यात धरलेच पाहिजेत. दहा तासांचा प्रवास इथेच सतरा-अठरावर जातो.

सरळ रेघेचं अंतर कायद्यातही कामाला येतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ब्रिटनच्या नियमात विमानाला उशीर झाल्याच्या भरपाईची रक्कम याच गोलावरच्या अंतरावर ठरते, विमान कुठून वळसा घालून आलं त्यावर नाही. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या उड्डाणाला चार तासांहून जास्त उशीर झाला तर ५२० पौंड, तीन ते चार तासांना २६०. मुंबई–लंडन ७,२१० असल्याने वरच्याच गटात येतं. लंडनहून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असलं तरी नियम लागू. मुंबईहून लंडनला जाणारं असेल तर ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीचं हवं. खराब हवामान किंवा बंद झालेलं आकाश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. आपल्याकडच्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात उलट आहे. तिथे कंपनीने आयत्या वेळी उड्डाण रद्द केलं तर अंतर न बघता ब्लॉक टाइम बघतात. दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी ते. म्हणजे एकाच प्रवासासाठी लंडनमध्ये किलोमीटर दाखवायचे आणि मुंबईत तास.

तक्रारी आहेतच. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ मोबाइलवर वापरायला अवघड जातं. नकाशा बोटाने ओढून मोठा करता येत नाही आणि आजच्या पिढीला ते पान जुनाट वाटेल. ज्यांना कोड आठवत नाहीत त्यांनी संगणकावर गूगल मॅप्स उघडावा, मुंबईवर उजवं बटण दाबून अंतर मोजायचा पर्याय निवडावा आणि लंडनवर टिचकी मारावी. रेघ आपोआप वाकून येते आणि अंतर तितकंच बरोबर मिळतं, फक्त वर्तुळं मिळत नाहीत. ‘फ्लाइटरडार२४’च्या फुकट आवृत्तीत जाहिराती फार आणि काही वेळाने पान थांबतं, ते पुन्हा चालू करावं लागतं. घ्यायला येणाऱ्या माणसाने म्हणूनच मोबाइलवर त्यांचं अ‍ॅप ठेवावं, क्रमांक आधीच जतन करावा आणि विमान टेकल्याचं दिसलं तरी लगेच घरातून धावत सुटू नये. हीथ्रोवर टेकल्यापासून गेट, पासपोर्टची रांग आणि बॅगा धरून माणूस बाहेर यायला साधारण दीड तास लागतो.